मदतीची तयार पिशवी: देण्याआधी उघडून बघा

भीक मागणाऱ्यांना द्यायला म्हणून झिपच्या पिशवीत भरलेले तयार संच विकत मिळतात. अर्धा लिटर पाणी, साबण, टूथब्रश, मोजे, बिस्किटं, सॅनिटायझर, ओआरएसची पुडी असा साधारण ऐवज. कल्पना चांगली आहे. पण हे सगळं रस्त्यावर बसून वापरायचंय, याचा विचार भरणाऱ्याने केलेला दिसत नाही.

ओआरएसचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्रात एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मोठी पुडी त्या हिशेबाने, म्हणजे लिटरभर पाण्यासाठी भरलेली. सोबतची बाटली मात्र अर्ध्या लिटरची. उरलेली अर्धी पुडी ठेवणार कुठे? मग ती अख्खीच त्या बाटलीत जाते आणि द्रावण दुप्पट तीव्र होतं. जुलाब लागलेल्या लहान मुलाला ते पाजलं तर रक्तातलं सोडियम वाढून उलट अपाय होतो. बाटली लिटरची ठेवा, नाहीतर पुडी काढून टाका.

साबणाशेजारी ठेवलेल्या बिस्किटांना दोन-चार दिवसांत साबणाचा वास लागतो. वेगळी बंद पिशवी हवीच. कडक सुकामेव्याच्या वड्या दात पडलेल्या माणसाच्या काय कामाच्या? सॅनिटायझर सरळ वगळावा; त्यात साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं आणि व्यसनात अडकलेला माणूस ते पिऊ शकतो. तान्ह्या बाळासाठी दूध पावडरही नको, कारण उकळलेलं पाणी आणि स्वच्छ बाटली नसेल तर तिनेच जुलाब लागतात. मोजे पूर्ण सुती असले की भिजल्यावर लवकर वाळत नाहीत. लोकर किंवा सिंथेटिक मिसळलेले घ्या.

पिशवीची झिप चिमटीत दाबून बंद करायची असते. थंडीने बधिर झालेल्या बोटांना ते जमत नाही. सरकपट्टीची जाड पिशवी महाग पडते, पण आतलं संपल्यावर तीत कागदपत्रं कोरडी राहतात. बऱ्याचदा हीच सगळ्यात जास्त वापरली जाते.

देताना पिशवी हातात कोंबू नका. समोर बसा, झिप उघडा, ‘यातलं काय कामाला येईल?’ विचारा. फक्त मोजे घेतले तर बाकीचं मुकाट परत ठेवा. ‘नको’ म्हणालं कुणी, तर तेही उत्तरच. औषध, रात्रीचा निवारा, फोनचं रिचार्ज यांपैकी काहीच पिशवीत मावत नाही. त्यासाठी पैसेच लागतात. म्हणून पिशवी दिली की पैसे द्यायला नकोत, हा या तयार संचांच्या वेष्टनावरचा सूर पटत नाही.

सोबतच्या माहितीपत्रकाचा टाइप इतका बारीक, की उन्हातही वाचता येत नाही. निवाऱ्याचा पत्ता, वेळ आणि तिथे कुणाला घेतात (फक्त बायका? कुटुंबं? कुत्रा चालतो का?) एवढं ठळक अक्षरात स्वतः लिहून घाला, आणि दर महिन्याला फोन करून खात्री करा. वेळ चुकीची निघाली, तर सामान उचलून तिथवर चालत गेलेल्या माणसाची आधीची झोपायची जागाही तोवर दुसऱ्याने घेतलेली असते.