जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारं लातूरचं दुकान

घरातल्या जुन्या कॅसेटी टाकून द्यायला जीव होत नाही आणि वाजवायला टेपही राहिला नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते. लातूरला गंजगोलाईच्या मागं, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीतून आत शिरलं की डाव्या हाताला एक अरुंद दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालीत. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं पत्ता समजावत बसण्यापेक्षा ‘टेपवाले मामा कुठं बसतात’ असं कुणालाही विचारा, आणून सोडतील. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का राखून ठेवला ते पुढं येईलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर उदगीरजवळच्या खेड्यातलं. वडील उदगीरच्या मोंढ्यात हमाली करायचे, आणि थोरल्या भावानं, दादानं, पहिल्या कमाईतून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, आणला होता. माहेरचं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं तेव्हा फळीवरची लोखंडी पेटी खाली आली. त्यात आमच्या कॅसेटी. पत्र्याखाली इतके उन्हाळे काढलेल्या. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वरच असतो, त्यामुळं काहींची डबी वाकडी झालेली, काहींची फीत सैल पडून बाहेर आलेली.

माझी मुलगी म्हणाली, ‘आई, ही सगळी गाणी मोबाइलवर आहेत की. कशाला पैसे घालतेस?’

ती काही चुकीचं बोलली नव्हती. ‘आशिकी’ची गाणी मोबाइलवर आहेत, ‘मैंने प्यार किया’ची आहेत, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतंही आहेत. पण माझ्या कॅसेटी कंपनीच्या थोड्याच होत्या. बाकीच्या भरून घेतलेल्या. उदगीरला तेव्हा रेकॉर्डिंगची दुकानं होती. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट घेऊन जायची किंवा त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि सांगितलेल्या दिवशी आणायला जायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला पाच-सहा गाणी बसत. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, यावर दादाचं आणि माझं भांडण व्हायचं. बाजू संपताना दोन-चार मिनिटं उरली तर रेकॉर्डिंगवाला आपल्या मनानं एखादं गाणं भरून द्यायचा. पंकज उधासची गझल माझ्या कानावर पहिल्यांदा आली ती अशी, ‘ए’ बाजूच्या शेवटी, यादीत नसताना, आणि मधेच तुटलेली. त्या गझलेचं पुढचं कडवं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

म्हणून मला गाणी नको होती. मला त्या कॅसेटी हव्या होत्या, त्याच क्रमानं, तुटलेल्या गझलेसकट. हे मी दुसऱ्या एका ठिकाणी सांगून पाहिलं होतं. तिथला पोरगा म्हणाला, ‘यादी द्या, मी इंटरनेटवरून चांगल्या आवाजात टाकून देतो.’ मामांना मात्र दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली, एकेक कॅसेट उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, ‘बाई, ह्यातल्या एक-दोन सोडल्या तर समद्या बोलतील.’

आता काम कसं करतात ते सांगते, कारण याचेच पैसे आहेत. मामा कॅसेट सरळ टेपमध्ये घालत नाहीत. आधी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण गुंडाळून घेतात, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. मग फितीच्या मागची इवलीशी पट्टी बघतात. तांब्याच्या पातळ पत्तीवर फेल्टचा तुकडा असतो, तो फितीला हेडवर, म्हणजे टेपमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत त्याचा डिंक वाळून तो गळून पडतो आणि आवाज येतो-जातो. माझ्या बऱ्याच कॅसेटींचं दुखणं तेच निघालं. मामांकडं मेलेल्या कॅसेटींतून काढलेल्या पट्ट्यांची डबीच आहे. स्वस्तातल्या कॅसेटींना स्क्रू नसतात, डबी चिकटवलेली असते. ती ब्लेडनं उकलून आतली दोन्ही चाकं नव्या स्क्रूवाल्या डबीत बसवतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी त्यांना आवडत नाहीत. तेवढ्याच डबीत जास्त फीत बसवायची तर ती पातळ करावी लागते, आणि पातळ फीत लवकर ताणते, लवकर गुंतते.

मग हेड स्पिरिटनं पुसतात आणि बारका स्क्रूड्रायव्हर घेतात. हे मला माहीत नव्हतं. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. ज्या टेपवर कॅसेट भरली त्याचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात इथलं हेड आलं, तरच वरचे स्वर उघडतात. नाहीतर गाणं घोंगडीखालून आल्यासारखं येतं. मामा हेडफोन लावून केसभर केसभर तो स्क्रू फिरवत होते. मग हेडफोन माझ्या कानाला दिला. अनुराधा पौडवालांच्या आवाजातला ‘स’ स्वच्छ झाला होता, मागची घुंगरं वेगळी ऐकू येत होती. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं, कारण भरणारा टेप प्रत्येक वेळी वेगळा.

‘लवकर होईल का?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘तासाची कॅसेट हाय, तासच लागणार. हिला पळवता येत न्हाई.’ फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीनं सरकते आणि तेवढ्याच चालीनं ऐकत बसावं लागतं. मामा खरोखर ऐकत बसतात. मधेच आवाज दबला तर थांबवतात, पुन्हा घेतात.

प्रत्येक कॅसेटच्या ते दोन प्रती देतात. एक जशीच्या तशी, दुसरी मागची सूं-सूं कमी केलेली. दोन्ही घ्याच. साफ केलेली प्रत गाडीत ऐकायला बरी, पण सूं-सूं काढताना झांजेचा आणि श्वासाचाही थोडा भाग जातो. मला जशीच्या तशीच जास्त आवडली. मूळ प्रत मोठ्या फाइलमध्ये मागून घ्या, एका तासाला सव्वासहाशे एमबीच्या आसपास जागा लागते. आजच्या पेनड्राइव्हला ती काही जड नाही.

मामांवर माझा खरा विश्वास बसला तो वेगळ्याच कारणानं. आमच्या पेटीत जुन्या गाण्यांच्या ज्या कॅसेटी होत्या त्या मूळ गायकांच्या नव्हत्या. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. गाणं येऊन दोन वर्षं उलटली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाच्या आवाजात नव्यानं ध्वनिमुद्रित करता येई. गुलशन कुमारांच्या टी-सीरीजनं त्या वाटेनं जुनी गाणी नव्या आवाजांत आणली आणि स्वस्तात विकली. मूळ कंपनीची कॅसेट आमच्या घरच्या खिशाला परवडणारी नव्हती, ही परवडली. त्यामुळं किशोर कुमारची गाणी आमच्या घरात कुमार सानूच्या आवाजात आली आणि लताबाईंची अनुराधा पौडवालांच्या. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी म्हणायच्या, ‘हे नकली आहे.’ मला ते तेव्हाही लागलं आणि आजही पटत नाही. माझी आई चुलीपुढं भाकरी थापताना ऐकायची ते हेच आवाज होते. पावसाळ्यात अंगणात चिखल झाला की दादा टेप उंबऱ्यावर आणून ठेवायचा, तेव्हा वाजायचे ते हेच. मोबाइलवर शोधलं की मूळ गाणं पुढं येतं. ते मोठंच आहे, त्याला मान आहेच, पण माझी आठवण त्याला ओळखत नाही. मामांनी ती कॅसेट हातात घेतली, लावली आणि एवढंच म्हणाले, ‘भरलीया चांगली. हिच्यात बास जास्त हाय, तसाच ठेवू का?’ मी म्हटलं, तसाच ठेवा.

‘मैंने प्यार किया’ची कॅसेट चालू असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या सिनेमाचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपले नागपूरचे. राम आणि लक्ष्मण अशी जोडी होती, दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’ला, १९७५ साली, त्यांनी संगीत दिलं. पुढच्याच वर्षी राम म्हणजे सुरेंद्र गेले आणि पाटलांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत आपल्या नावात ठेवलं. १९८९ सालच्या त्या सिनेमाची गाणी आमच्या गावात प्रत्येक लग्नात वाजली. मांडवात बसलेल्या आम्हा पोरींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं की ही चाल बांधणारा माणूस मराठी आहे. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

आता त्या कॅसेटीविषयी, जिच्यासाठी मी मुळात गेले होते. तिच्यावर निळ्या शाईत दादाच्या अक्षरात ‘जयंती १९९४’ एवढंच लिहिलेलं. त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. त्यासाठी इतकी वर्षं माणसांनी मार खाल्ला, घरं जळाली, जीव गेले. तीन महिन्यांनी भीमजयंती आली ती आमच्या वस्तीत कधी झाली नव्हती अशी झाली. रात्री गायन पार्टी बसली. वामनदादा कर्डकांची गीतं झाली आणि पार्टीच्या म्होरक्यानं स्वतः रचलेलीही झाली. दादानं टू-इन-वन ओट्यावर ठेवून लाल बटण दाबलं होतं. ही गाणी कुठल्या कंपनीनं काढली नाहीत, कुठल्या रेडिओवर लागली नाहीत, मोबाइलवर शोधून सापडणार नाहीत. जगात त्यांची एकच प्रत होती आणि ती वाकड्या डबीत होती.

मामांनी या कॅसेटीवर सगळ्यात जास्त वेळ घातला. ढोलकी टेपच्या फार जवळ होती, त्यामुळं तिची थाप फाटते. लोकांनी ‘जय भीम’ची घोषणा दिली की गाणाऱ्याचा आवाज एकदम खोल जातो आणि हळूहळू वर येतो. मला वाटलं फीत खराब झाली. मामांनी समजावलं की अशा टेपमध्ये भरताना आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट असतं. मोठा आवाज आला की ते सगळंच दाबतं, मग सावकाश सोडतं. ‘हे सरळ करता येईल,’ ते म्हणाले, ‘पण मग किती माणसं होती ते कळणार न्हाई.’ तसंच ठेवलं. एका जागी खर्र आवाज होतो आणि दादा अगदी जवळून कुणालातरी विचारतो, ‘चालू हाय का?’ अठरा-एकोणीस वर्षांचा दादा. आता तो भोसरीला असतो. त्याला ते ऐकवलं तर बराच वेळ काही बोलेचना, मग म्हणाला, ‘पेटी वाजवणाऱ्या काकांच्या पोराला पाठव.’ पाठवलं. त्या पोरानं, आता तोही दोन लेकरांचा बाप आहे, यंदाच्या जयंतीला स्पीकरवर ती गाणी लावली.

मामा सांगत होते, किल्लारी-सास्तूरकडचे लोकही त्यांच्याकडं १९९३ च्या भूकंपाआधीच्या कॅसेटी घेऊन येतात. बऱ्याचदा वर लग्नाची गाणी भरलेली असतात आणि मधे कुठंतरी घरच्या माणसाचं दोन वाक्यांचं बोलणं असतं. त्या दोन वाक्यांसाठी येतात. अशा कॅसेटी मामा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत.

पाचव्या ताऱ्याचं कारण आता सांगते. सांगितलेली तारीख इथं पाळली जात नाही. माझं काम कबूल केल्यापेक्षा बरंच लांबलं आणि फोन लागत नव्हता. लांबच्या गावाहून येणाऱ्याला हे परवडत नाही. पेनड्राइव्हवर फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. कोणती कोणत्या कॅसेटीची हे मला ऐकून लावावं लागलं. एका कॅसेटीच्या ‘ए’ आणि ‘बी’ बाजूंची अदलाबदल झाली होती, ती दाखवल्यावर तिथंच दुरुस्त करून दिली. पावती मिळत नाही. माल देताना स्वतः यादी करून मामांची त्यावर सही घ्या, ते आढेवेढे घेत नाहीत. दुकानात मांडलेले दुरुस्त केलेले जुने टू-इन-वन मला महाग वाटले. रबरी पट्टा आणि मोटर आज नवी असली तरी बाकीचं यंत्र जुनंच आहे, तेव्हा विचार करून घ्या.

दर मला रास्त वाटले. साठची कॅसेट १२० रुपये, नव्वदची १५०, डबी बदलायची असेल तर ५० वेगळे. जयंतीच्या कॅसेटीला एवढे कष्ट घेऊनही त्यांनी १२० च लावले. पैसे मोबाइलवरून देता येतात. पेनड्राइव्ह आपला न्या.

लग्नसराईत आणि गणपतीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा साउंडवाल्यांचे अँप्लिफायर दुकानभर पसरलेले असतात आणि मामांना कॅसेटीकडं बघायला सवड नसते. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा काळ बरा. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. आणि कॅसेटी बसमधून नेताना पिशवी मांडीवर ठेवा, इंजिनाजवळच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका.