भिलारचं बालसाहित्याचं घर: लिहिणाऱ्या बाईचा अभिप्राय

पाचगणीजवळच्या भिलारला, म्हणजे पुस्तकांच्या गावाला, जाणारे बरेचसे लोक दोन-तीन घरांत डोकावतात, रंगवलेल्या भिंतींपुढे फोटो काढतात, स्ट्रॉबेरीचा बॉक्स घेतात आणि महाबळेश्वर गाठतात. मी आयुष्यभर लहान मुलांसाठी लिहिलं, आता थांबले आहे. मला बाकीचं गाव नंतर बघायचं होतं. मी सरळ बालसाहित्याच्या घरात गेले आणि दिवस मावळेपर्यंत तिथून उठले नाही. त्यामुळे हा अभिप्राय त्या एका खोलीबद्दल जास्त आहे.

माहिती नसेल त्यांच्यासाठी: राज्याच्या मराठी भाषा विभागाचा हा प्रकल्प ४ मे २०१७ रोजी सुरू झाला. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. मात्र तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारला पुस्तकं नुसती वाचायची. सुरुवात २५ ठिकाणी, सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली, पुढे घरं वाढत गेली. कुणाच्या पडवीत कविता, कुणाच्या माडीवर कादंबऱ्या, कुठे संतसाहित्य, कुठे चरित्रं. कपाटं, टेबलं, खुर्च्या सरकारच्या आणि जागा गावकऱ्यांची. प्रवेशाला पैसे नाहीत. पुस्तक काढा, बसा, वाचा, जागेवर ठेवा. घरी नेता येत नाही.

मी गेले त्या दिवशी घरातल्या वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "बसा बाई, कुठंबी बसा, पोरं तर खालीच बसत्यात." मीही खालीच बसले आणि आधी बघितली ती मांडणी. लहान मुलांचं पुस्तक बहुतेक सोळा नाहीतर चोवीस पानांचं असतं, मधोमध दोन पिना मारलेलं. त्याला कणा नसतो. कपाटात उभं लावलं की ना नाव दिसतं ना चित्र, नुसत्या कागदाच्या कडा दिसतात. कितीतरी शाळांच्या कपाटांत माझी पुस्तकं अशी दिसेनाशी झालेली मी पाहिली आहेत. मुलं वाचत नाहीत म्हणून तक्रार करायची आणि त्यांना मुखपृष्ठही दिसू द्यायचं नाही, याचा मला फार राग येतो. इथे जाड पुस्तकं कपाटात होती आणि पातळ पुस्तकं वहिनींनी सतरंजीवर, चित्र वर करून पसरून ठेवली होती. असं ठेवायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. "पोरं तशीच टाकून जायची. मग मीबी तशीच ठिवाय लागले." इतकं साधं आणि बरोबर उत्तर मी ग्रंथालयांवरच्या कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

दुपारभर पर्यटक येत-जात राहिले. खरी मजा शाळा सुटल्यावर आली. साधारण आठ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन आली, दप्तर दारात टाकलं, एक पुस्तक उचललं आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. पुस्तक माझं नव्हतं. मी कान देऊन ऐकत होते. 'आश्चर्य'पाशी ती अडली, पुन्हा म्हणून बघितलं आणि पुढे गेली. वाक्य चौथ्या ओळीत शिरलं तिथे मात्र तिचा श्वास तुटला आणि अर्थही सुटला. जोडाक्षरांवरून माझे प्रकाशकांशी पुष्कळ वाद झाले आहेत. जे पुस्तक सहा वर्षांच्या मुलाने स्वतः वाचायचं, त्यात जोडाक्षरं कमी हवीत, हे मला मान्य आहे. पण जे त्याला वाचून दाखवायचं, त्यातून ती का काढायची? कानाला कुठलंच जोडाक्षर जड जात नाही. जड जातं ते लांबलेलं वाक्य. म्हणून मी प्रत्येक खर्डा स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायची आणि दम लागला तिथे वाक्य तोडायची.

भावाला अक्षरओळख नव्हती. ताईचं वाचून व्हायच्या आत तो पान उलटायचा आणि ती रागावायची. चूक त्याची नव्हती. चित्रात माकड झाडावर चढलेलं दिसत होतं आणि मजकूर पुन्हा तेच सांगत बसला होता. चित्रकाराकडून चित्रं आली की लेखकाने आपला मजकूर परत वाचावा आणि चित्रात जे आलं ते खोडावं. ही शिस्त मला एका चित्रकाराने लावली. त्या पुस्तकातला जवळजवळ निम्मा मजकूर गेला आणि पुस्तक सुधारलं.

मी लिहिते हे वहिनींनी सांगून टाकल्यावर आणखी मुलं जमली. त्यांचे प्रश्न मोठ्यांच्या मुलाखतींपेक्षा कितीतरी नेमके होते. "आजी, पैसं मिळत्यात का?" मिळतात, थोडे. बहुतेक वेळा एकरकमी मानधन आणि काही प्रती, घर चाललं ते शाळेतल्या नोकरीवर. "गोष्ट संपली हे कसं कळतं?" जोवर ऐकणारा "मग?" म्हणतोय तोवर ती चालू असते. "आता का लिहीत नाही?" याचं उत्तर मी विचार करून दिलं. मुलं एकमेकांशी जे बोलतात ते मला पूर्वी आपोआप ऐकू यायचं, कारण मी दिवसभर वर्गात असायची. वर्ग सुटला, तशी ती बोली माझ्या कानातून गेली. जुन्या कानाने आजच्या मुलांची बोलणी रचायची नाहीत, असं मी ठरवलं. एका मुलाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "मग हितं येऊन बसा की."

सतरंजीवरच्या पुस्तकांचे कोपरे मऊ पडले आहेत, काहींना चिकटपट्टी आहे. मला ते बघून फार आनंद झाला. भेट म्हणून पुस्तकं द्यायची इच्छा असणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की आधी विचारून घ्या आणि जे पुस्तक सर्वांत जास्त फाटलंय त्याचीच नवी प्रत द्या. मुलं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात, आणि त्या मागण्यातच ती वाचायला शिकतात.

जायचं कसं? पुणे-सातारा रस्त्यावरून वाईला वळायचं. मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं ते हे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींचं गाव. पुढे पसरणी घाट चढला की पाचगणी आणि तिथून भिलार जवळच. घरगुती जेवण आणि राहायला खोल्या मिळतात, आधी फोन करून ठरवा. पावसाळ्यात या भागात पाऊस आणि धुकं इतकं असतं की लहान मुलांना घेऊन घरोघरी फिरणं अवघड. स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यात, तेव्हा हवाही छान असते. ही लोकांची राहती घरं आहेत, त्यामुळे दुपारच्या विश्रांतीच्या वेळी हाक मारून, विचारूनच आत जावं. शिक्षकांनी अख्खा वर्ग एका खोलीत कोंबू नये, पाच-सहा मुलांचे गट करून वेगवेगळ्या घरांत पाठवावेत.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी तर जरूर जावं. सुट्टीच्या गर्दीत नको, शाळा चालू असताना, संध्याकाळच्या वेळी. स्वतःचं पुस्तक शोधू नये. खाली बसावं आणि मूल कुठलं पुस्तक उचलतं, कुठल्या पानावर ठेवून देतं, ते वहीत टिपून घ्यावं.