गंजलेली ट्रॉली: घरी घासायची, वर्कशॉपला द्यायची की दुसरी आणायची?

आपल्या बेळगाव भागात साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ट्रॅक्टरची ट्रॉली गोठ्यामागं जाऊन उभी राहते, आणि तिच्याकडं नीट लक्ष जातं ते तेव्हाच. फाळक्यांचे, म्हणजे बाजूच्या पत्र्यांचे, कोपरे खाल्लेले असतात, तळाच्या पत्र्याला भोकं पडलेली असतात, रंगाखालून गंज वर आलेला असतो. आता मृग लागायच्या आत काहीतरी ठरवायला हवं. वाटा तीनच: ग्राइंडर घेऊन घरीच बसायचं, वर्कशॉपला सोडायची, नाहीतर भंगारात घालून दुसरी आणायची.

पत्रा बघून यातलं काहीच ठरवू नका. पत्रा बदलता येतो, फाळकाही नवा बसतो. ठरवायचं ते चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून.

आधी ट्रॉलीखाली शिरा

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवा, चाकांना दगडांची उटी लावा, आणि हातोडी घेऊन खाली जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली शिरू नका, लाकडी ठोकळे हवेतच. चासीच्या लांबीच्या लोखंडी चॅनलवर ठोकत पुढून मागं या. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. आवाज बद्द आला आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर हातात आले, तर तिथं खुणेचा खडू मारा.

जास्त गंज सापडतो तो तळाचा पत्रा आडव्या पट्ट्यांवर टेकतो त्या फटीत. बनवताना तिथं सलग वेल्डिंग नसतं, मधे मधे टाके मारलेले असतात. पावसाचं पाणी, शेणखताचा ओलावा, युरियाचे दाणे त्या फटीत शिरतात आणि उन्हाळ्यातही पुरते वाळत नाहीत. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं तो आतून फुगत फुगत पत्रा वर ढकलतो आणि टाके उचकटतात. वरून पत्रा लाटेसारखा झालेला दिसला की खालची पट्टी तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. चौकोनी पाइप वापरला असेल तर गंज आतून असतो, बाहेरचा रंग शाबूत दिसला तरी.

व्हर्नियर मिळाला तर चॅनलची जाडी चांगल्या जागी आणि खराब जागी मोजा. तिसरा हिस्सा गेला असेल तर ते काम घरचं नाही, असा माझा हिशेब. हुकाजवळ किंवा ॲक्सलच्या बैठकीवर चीर दिसली, तर मोजायचीसुद्धा गरज नाही.

घरी

चासी खणखणीत असेल तर घरचं काम सगळ्यात स्वस्त, आणि बहुतेकदा पुरेसं. चार इंची ग्राइंडर, वायरचा कप ब्रश, कोपऱ्यांसाठी छिन्नी, शेवटी पॉलिश पेपर. ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात, म्हणून साधा गॉगल नको, तोंडभर झाकणारी काच हवी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तेव्हा पोरं आणि जनावरं लांब ठेवा, आणि ती भुकटी वैरणीवर उडू देऊ नका.

ब्रशनं न निघणाऱ्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर लावतात. उरलेला गंज काळा पडून घट्ट बसतो. पण तो पातळ गंजावर चालतो, पापुद्र्यांवर लावणं म्हणजे पैसे ओतणं. पिना, बिजागऱ्या, साखळीचे हूक वगैरे सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले की निम्मं काम होतं.

वर्कशॉपला

बेळगावचा फायदा असा की फौंड्र्यांमुळं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांमुळं, उद्यमबाग, मच्छे भागात लोखंड साफ करणं हा रोजचाच धंदा आहे. पण फौंड्रीतलं शॉट ब्लास्टिंगचं, म्हणजे जोरानं छर्रे मारून साफ करायचं, यंत्र ओतीव भागांसाठी असतं, आख्खी चासी त्यात मावत नाही. चासीसाठी उघड्यावर नळीनं ब्लास्टिंग करणारा गाठावा लागतो. तो साधी वाळू मारत असेल तर त्या धुळीत उभं राहू नका. त्यातली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, ती पुन्हा निघत नाही.

ब्लास्टिंगचा पैसा वसूल होतो तो तळाचा पत्रा काढलेला असेल तरच. पत्रा जागेवर ठेवून ब्लास्टिंग म्हणजे ती फट तशीच राहिली. शिवाय पातळ पत्रा माऱ्यानं वाकतो, म्हणून फाळके घरी घासा आणि चासी तेवढी पाठवा. साफ झालेलं लोखंड उघडं ठेवायचं नाही, त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

नवा पत्रा घालताना जाड घालायचा मोह होतो. १० बाय ६ फुटांच्या तळाला ३ मिमीचा पत्रा सुमारे १३० किलो भरतो, ५ मिमीचा २२० किलोच्या घरात. खडी किंवा जांभा दगड वाहायचा असेल तर ५ मिमी ठीक. नुसत्या उसाला तो ९० किलोचा बोजा दर खेपेला फुकट ओढायचा.

रंग: खानापूरला एक, अथणीला दुसरा

रेड ऑक्साइड प्रायमरवर इनॅमल रंग हा जोड ब्रशनं घासलेल्या लोखंडावर चालतो, स्वस्त आहे, आणि खरवडलं तर घरीच पुन्हा मारता येतो. अथणी, चिकोडीकडच्या कोरड्या हवेत मी यापलीकडं जाणार नाही. खानापूरच्या पावसात मात्र इपॉक्सी प्रायमरचा विचार करावा, तोही ब्लास्टिंग झालं असेल तरच. साधा इपॉक्सी अर्धवट घासलेल्या गंजावर मारला की सालीसारखा सुटतो. उन्हात तो पांढुरका पडतो, म्हणून वर पॉलियुरेथेन रंगाचा हात लागतो. इपॉक्सीच्या दोन डब्यांचं मिश्रण ठरलेल्या वेळेत संपवावं लागतं, नाहीतर डब्यातच दगड होतो.

दुसरी आणायची तर

चासी गेली असेल तर डागडुजीत जीव अडकवू नका. भंगाराचे पैसे, ॲक्सल आणि चाकांच्या डिस्क चांगल्या असतील तर त्या वेगळ्या, आणि नवी ट्रॉली. जुनी घ्यायची म्हणून बरेच जण निपाणीवरून कागल, गडहिंग्लजकडं चक्कर मारतात. ट्रॉली बघायला तिथं भरपूर, पण ती ०९ पासिंगची, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीची असते. कायमची इकडं आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि मग इकडचा नवा नंबर, हे सोपस्कार आलेच. ते कोण करणार, हे इसार द्यायच्या आधी ठरवा. फाळके उंच करून घेतलेली ट्रॉली स्वस्तात मिळत असेल तर नोंदणीच्या कागदावरची मापं बघा. मंजुरीशिवाय केलेला फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.