घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय ५, पडून असलेला लॅपटॉप, का सेकंडहँड मिनी पीसी?

घरी इमिच (फोटो साठवायला), जेलीफिन (पिक्चर बघायला), पाय-होल (घरभर जाहिराती अडवायला) एवढं चालवायचंय, बजेट बेताचं आहे आणि काय घ्यावं कळत नाहीये, तर आधीच सांगून टाकतो की माझं मत मिनी पीसीच्या बाजूने आहे. पण घरात धड चालणारा लॅपटॉप पडून असेल तर आधी तोच लावा, लगेच काही विकत घेऊ नका.

रास्पबेरी पाय ५, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, बोर्डाच्या किमतीवर स्वस्त वाटतो. मग २७ वॉटचा ॲडॉप्टर, कूलर, केस, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावायला हॅट म्हणजे वरून बसवायचा जोडबोर्ड आणि वर ती एसएसडी असं धरत गेलं की बिल मिनी पीसीच्या जवळ जाऊन बसतं, आणि एसडी कार्डवरच भागवू म्हणाल तर डेटाबेस सतत लिहीत असतो, कार्ड कधीतरी दगा देणारच. जेलीफिनसाठी तर अजून एक अडचण, पाय ५ मध्ये हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करणारा भाग) नाही, एच-२६४ या नेहमीच्या फॉरमॅटचा डिकोडरपण काढून टाकलाय, फक्त एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटचा आहे. टीव्हीवर फाइल जशीच्या तशी चालत असेल तर काही त्रास नाही, ट्रान्सकोड करायची, म्हणजे चालू असतानाच फॉरमॅट बदलायची वेळ आली की मात्र दमतो. नुसतं पाय-होल आणि होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं) चालवणार असाल तर बिनधास्त घ्या, त्याला पायच मस्त.

मिनी पीसी म्हणजे थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी असली ऑफिसातनं निघालेली डबडी. इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या-सातव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कंपन्या ती काढून टाकतायत, आपल्याला लिनक्सच टाकायचंय त्यामुळे काय फरक पडतो! घेताना सातवी किंवा पुढचीच जनरेशन घ्या, कारण १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे फोर-के एचडीआर पिक्चर असतात ते, क्विक सिंकवर (इंटेलचा व्हिडिओसाठीचा हार्डवेअर भाग) सातवीपासून नीट चालतं, सहावीत ८-बिटपर्यंतच. आठवीचा आय५-८५००टी मिळाला तर सहा कोअर मिळतात, इमिचचं चेहरे ओळखायचं काम बरंच लवकर उरकतं.

विजेचं म्हणाल तर रिकामा बसलेला असताना पाय ३-४ वॉट, मिनी पीसी १० च्या आसपास. १० वॉट वर्षभर म्हणजे साधारण ८८ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी नऊशेच्या आत, त्यामुळे नुसत्या लाइट बिलासाठी पाय घेण्यात अर्थ नाही.

डिस्कची बोंब मात्र मिनी पीसीत आहे, एक एम-२ (एसएसडीचा छोटा स्लॉट) आणि बहुतेक मॉडेलात एक अडीच इंची, बस, साडेतीन इंची हार्डडिस्क आत मावतच नाही. बाहेरून यूएसबीने लावता येते पण त्यावर रेड, म्हणजे अनेक डिस्कचा एक ॲरे, करायच्या भानगडीत पडू नका, यूएसबी मध्येच डिस्कनेक्ट झालं की सगळा ॲरे बोंबलतो. एकेक डिस्क वेगळी ठेवा, दुसरीवर रात्री बॅकअप घ्या. दोन-चार मोठ्या डिस्क लागणारच असतील तर रेडीमेड नॅस (नेटवर्कवर लावायची डिस्कची पेटी) बघा, पण स्वस्तातल्यात रॅम बघून घ्या, सिनॉलॉजी डीएस२२३जे मध्ये १ जीबीच आहे आणि वाढवता येत नाही, तिथे इमिचचं नावच काढू नका.

लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी, आपल्याकडे लाइट जाते तेव्हा कळतं. झाकण मिटल्यावर झोपू नये ते सेटिंग करा आणि चार्जिंग ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, चोवीस तास फुल चार्ज आणि वर उन्हाळा म्हणजे बॅटरी फुगणार. राउटरला तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, नाहीतर सर्व्हर चालू आणि नेट बंद. बाहेरून बघायला तिन्हीकडे टेलस्केलच (खाजगी व्हीपीएन) टाका, बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट उघडणं) चालतच नाही.

पाय लाइट आली की आपोआप चालू होतो. मिनी पीसीत बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन वीज परत आल्यावर ऑन व्हायचं सेटिंग करावं लागतं, म्हणून बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना ते दुकानात उभं असतानाच मशीन लावून बघा, घरी आणल्यावर तो काढून मिळवणं म्हणजे नुसत्या फेऱ्या.