रूप बदलणारे रोबोट : नवेपणा ओसरल्यावरचा अनुभव

रूप बदलणाऱ्या रोबोटवर लोक बहुतेक वेळा खोका उघडल्या दिवशीच लिहून मोकळे होतात. त्या दिवशी सगळे सांधे घट्ट असतात, रंगाचा एक टवका उडालेला नसतो, आणि ट्रकचा रोबोट झाला की माणूस इतका खूश होतो की घोट्यातला ढिलेपणा त्याला दिसतच नाही. म्हणून मी मुद्दाम थांबलो. गेले कित्येक महिने टेबलावर जे सतत हाताळलं गेलं तेवढ्याचंच हे लिहिणं आहे: ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला ट्रकचा रोबोट होणारा नायक ऑप्टिमस (संग्राहकांसाठीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेतला), मधल्या आकाराची काही खेळणी आणि विमानात बदलणारं 1/100 चं, म्हणजे कल्पित मूळ आकाराच्या शंभराव्या भागाएवढं, एक जुळवायचं मॉडेल किट.

सुरुवात ऑप्टिमसपासून. 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आले तेव्हा हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ते मुळापासून घडवलेले नव्हते. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतली खेळणी घेऊन त्यांना नवी नावं आणि नवी गोष्ट दिली गेली. ऑप्टिमसचा ट्रक डायाक्लोनमधलाच. त्या जुन्या खेळण्याच्या मुठी ट्रक करताना चक्क काढून बाजूला ठेवाव्या लागत, आणि सुट्ट्या मुठींचं पुढे काय होतं ते कुठल्याही संग्राहकाला विचारा. 2003 मध्ये मास्टरपीस मालिका सुरू झाली. तिचा पहिला ऑप्टिमस धातूमुळे चांगलाच वजनदार होता. 2011 चा एमपी-10 (‘एमपी’ म्हणजे मास्टरपीस) त्याहून लहान आणि हलका. माझ्याकडे आहे तो हाच.

याच्याबद्दल सांगायचं तर, सूचनापत्रक आता लागत नाही. मुठी मनगटात वळतात, डोकं आत जातं, पाय मागे जुळले की ट्रकचा मागचा भाग तयार. प्रत्येक तुकडा जागेवर बसला की बोटांना कळतं. खाचेत खुंटी गेल्याचा तो बारीक ‘टक्’ इतक्या वापरानंतरही टिकून आहे, आणि माझ्या लेखी कुठल्याही रूपांतराची खरी परीक्षा तीच. किती पायऱ्या आहेत याचं कौतुक पहिल्या आठवड्यापुरतं असतं. त्यानंतर एकच प्रश्न उरतो: फोनवर बोलता बोलता सहज हात गेला तर हा न बघता फिरवता येतो का? एमपी-10 येतो. 2019 चा एमपी-44 कार्टूनमधल्या रूपाच्या कितीतरी जवळ जातो, पण त्यासाठी त्याच्या अंगावर इतके छोटे छोटे पत्रे उलगडतात-मिटतात की तो फिरवायचा म्हणजे वेळ काढून बसावं लागतं. बघायला तो सरस, हाताला हा.

मधल्या आकाराच्या खेळण्यांचा अनुभव संमिश्र. कोणाची ते सांगत नाही, कारण दोष एका साच्यापुरता नसून जातीचाच आहे. रॅचेटचे सांधे, म्हणजे टकटक करत ठरलेल्या कोनात अडकणारे, महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहतात. नुसत्या घर्षणावर उभे असलेले चेंडूसांधे मात्र आधी माघार घेतात. त्यातही खांदा आणि घोटा, कारण ट्रकचा रोबोट करताना सगळा जोर तिथेच येतो. कमरेत कडक रॅचेट आणि घोट्यात ढिला चेंडू असं जोडून दिलं, की पाय हलवायला जावं तर रोबोट तोंडावर पडतो. हे डिझाइन करणाऱ्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. खर्च कुठे वाचवायचा ते ठरलेलं असतं, इतकंच.

ढिल्या चेंडूवर उपाय सोपा आहे. चेंडू खोबणीतून बाहेर काढायचा, त्यावर पातळ सुपरग्लूचा अगदी हलका थर द्यायचा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर द्या, नाहीतर सांधा घट्ट होण्याऐवजी कायमचा चिकटतो. उलट सांधा फारच आवळलेला असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरा. हाताशी असलेलं मशीनचं तेल नको, खनिज तेलाने काही प्लॅस्टिकं ठिसूळ होतात. आणि स्क्रू खोलणार असाल तर आधी स्क्रूड्रायव्हर बघा. जपानी स्क्रूंची फुली नेहमीच्या फिलिप्सपेक्षा जराशी वेगळी असते. साधा स्क्रूड्रायव्हर वर सरकतो आणि डोकं झिजवून टाकतो, मग तो स्क्रू निघणं विसरा.

सर्वांत मोठी तक्रार पारदर्शक प्लॅस्टिकची. एका गाडीच्या काचेची बिजागरी त्याच पारदर्शक तुकड्यात कोरलेली होती आणि तिच्यातून धातूची पिन ठोकलेली. काही महिन्यांनी पिनेच्या भोवती केसासारखी रेघ उमटली. समोरून काही दिसत नव्हतं, दिव्यासमोर तिरकं धरल्यावर चमकली. पारदर्शक प्लॅस्टिक कडक असतं, ताण आला की वाकण्यापेक्षा तडकतं. पिनेचा दाब तर तिथे कोणी हात लावो न लावो, कायमचाच. हलणारा सांधा पारदर्शक तुकड्यात असेल तर आता मी ते खेळणं घेताना दहादा विचार करतो. घेतलंच, तर तो भाग फक्त मुळाशी धरून हलवतो.

आता किट. जपानच्या बांदाई कंपनीने ‘गंडम’ या रोबोटच्या कार्टून मालिकेचं पहिलं 1/144 किट 1980 मध्ये काढलं. पुढे 1990 ला हायग्रेड, 1995 ला 1/100 चं मास्टर ग्रेड, 1998 ला 1/60 चं परफेक्ट ग्रेड आणि 2010 ला रिअल ग्रेड अशा पायऱ्या चढत गेल्या. आज डिंक न लावता, रंग न देता बरं दिसणारं किट जुळवता येतं. जुळवण्याचं सुख वादातीत आहे. रनरपासून, म्हणजे सुटे तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून, तुकडा तोडताना आधी निपरने (छोट्या कातर-पकडीने) थोडं लांबून कापायचं, मग उरलेला ठोंब हलकेच छाटायचा. थेट मुळाशी कापलं तर प्लॅस्टिकवर पांढरा वळ उठतो, आणि गडद रंगावर तो कायमचा डोळ्यात सलतो.

पण त्याच किटचं विमान करायला घेतलं की हौस जिरते. खेळण्यात पिना आणि स्क्रू असतात. किटमध्ये तुकड्याने तुकडा धरून ठेवलेला असतो, आणि छाती वर सरकवायला गेलं की खांद्याचं आवरण हातात येतं. प्रत्येक वेळी काहीतरी निखळतं, ते जमिनीवर शोधायचं, परत बसवायचं. तुकड्यांवर कोरलेल्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये एनॅमलचा पातळ काळा रंग सोडणाऱ्यांनी तर आणखी जपावं. त्यातलं थिनर ताणाखाली असलेल्या एबीएसच्या (एका प्रकारच्या कडक प्लॅस्टिकच्या) तुकड्यात झिरपलं की तो तुकडा तडकतो, आणि रूप बदलणाऱ्या किटमध्ये ताण नसलेली जागा शोधावी लागते. रेघा भरायच्याच असतील तर तुकडे सुटे असताना भरा. माझं किट सध्या विमान म्हणून कपाटात आहे. त्याचा रोबोट करण्याची मला मुळीच घाई नाही.

कपाट खिडकीसमोर नको, एवढं सांगून पुढे जातो. पांढरं एबीएस उन्हाने पिवळं पडतं.

जुनं खेळणं दुसऱ्याकडून घेणार असाल तर सोनेरी चकाकी मिसळलेल्या प्लॅस्टिकपासून लांब राहा. त्यातले अनेक साचे वयानुसार आतून भुसभुशीत होतात. दिसायला ठणठणीत असलेला तुकडा पहिल्याच वळणाला हातात मोडतो, आणि त्यावर उपाय नाही. विकणाऱ्याकडे फक्त समोरून काढलेले फोटो असतील तर बिजागऱ्यांचे जवळून काढलेले मागा.

आणि किटच हवं असेल पण रूपांतराची झटापट नको, तर जपानच्या हासेगावा कंपनीची 1/72 ची व्हीएफ-1 व्हाल्किरी बघा; हे ‘मॅक्रॉस’ या कार्टून मालिकेतलं रोबोट होणारं लढाऊ विमान. शोजी कावामोरीचं हे डिझाइन एफ-14 टॉमकॅटवरून आलेलं आहे, आणि हासेगावाने त्याची विमान, गेरवॉक (हातपाय फुटलेलं अर्धं विमान) आणि बॅट्रॉइड (पूर्ण रोबोट) ही तीन रूपं वेगवेगळ्या किटमध्ये दिली आहेत. विमानाचं किट कायम विमानच राहतं, त्यामुळे पंखापासून नाकापर्यंत रेषा कुठे तुटत नाही. फक्त डिंक, रंग आणि पाण्यातून चढवायचे डेकल (चित्रांचे पातळ चिकटपट) हे सगळं आपल्यालाच करावं लागतं. माझा पुढचा खोका तोच असणार आहे.