मांजरेकर की भोगले? पद्मच्या अर्जावर एक नाव लिहिताना

पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. आमच्या अमळनेरच्या कट्ट्यावर दर पावसाळ्यात हा विषय निघतो, आणि समालोचकाचं नाव पाठवायचं ठरलं की दोन तट पडतात. एक माजी कसोटीपटू संजय मांजरेकरांचा, दुसरा भारताकडून कधीच न खेळलेल्या हर्षा भोगलेंचा. दोघं मराठी, दोघांचा आवाज घराघरांत पोचलेला, आणि दोघांनाही क्रिकेट मंडळाने एकेकदा माइकपासून दूर ठेवलेलं. २०२३ साली मी स्वतः हा अर्ज भरला, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी माझं कसं ठरलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. ‘वादग्रस्त माणसाला राष्ट्रीय सन्मान कशाला?’ हा मुद्दा मला पटत नाही. समालोचकाने खेळाडूला चुकीचं म्हटलं तर तो त्याच्या कामाचाच भाग झाला. २०१९च्या विश्वचषकात मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडू म्हटलं, म्हणजे थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, पूर्ण काहीच नाही. जडेजाने जाहीरपणे कडक भाषेत सुनावलं. मग मँचेस्टरची उपांत्य फेरी आली. न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना आपले पहिले तीन गडी ५ धावांत गेले, सहावा ९२वर, आणि तिथून जडेजाने ५९ चेंडूंत ७७ काढल्या. आपण १८ धावांनी हरलो. बाजारपेठेतल्या एका टीव्हीच्या दुकानासमोर चाळीसेक माणसं उभी होती. जडेजा बाद झाला तेव्हा कुणी शब्द बोललं नाही. पण त्यानंतर मांजरेकरांनी मोकळेपणाने कबूल केलं की त्याने आपल्याला खोटं पाडलं. स्वतःचा अंदाज चुकला हे इतक्या लवकर मान्य करणारी माणसं मी कमी पाहिली आहेत. पुढे मार्च २०२० मध्ये मंडळाने त्यांना समालोचकांच्या यादीतून वगळलं. माझ्या लेखी ते त्यांच्या विरोधात जात नाही, उलट थोडं बाजूनेच जातं.

भोगलेंचंही वेगळं नाही. २०१६च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात बेंगळुरूला आपण बांगलादेशला एका धावेने हरवलं. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी नाव न घेता लिहिलं की भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, आणि धोनीने त्याला दुजोरा दिला. थोड्याच दिवसांत भोगले आयपीएलच्या समालोचनातून बाहेर होते. मंडळाने जाहीर कारण दिलं नाही. तेव्हा ‘एक वादग्रस्त आणि एक सज्जन’ अशी जी मांडणी आमच्याकडे होते, ती मुळातच लंगडी आहे. समोरच्या संघाच्या चांगल्या चेंडूला चांगला म्हटलं एवढ्यावरूनही माणूस वादात सापडतो.

कामाचा दर्जा पाहिला तर मला मांजरेकर कित्येकदा जास्त आवडतात. फलंदाजाचा पुढचा पाय कुठे पडला, बॅट कोणत्या कोनातून खाली आली, हे ते दोन वाक्यांत दाखवतात. ज्याने १९८९ मध्ये लाहोरला पाकिस्तानच्या माऱ्यासमोर २१८ काढल्या त्याला तंत्र कळणारच. त्यांचं बोलणं कोरडं वाटतं, पण त्यात साखरपाक नसतो. भोगलेंचं कौतुक मला कधी कधी जरा जास्त गोड लागतं. सामना रटाळ चाललेला असताना ‘थोडं मीठ टाका हो’ असं म्हणावंसं वाटतं. माझ्या कानाची ही आवड झाली. तुमची वेगळी असू शकते.

मग अडलं कुठे? एका वाक्यावर.

नोव्हेंबर २०१९, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, भारतातली पहिली दिवस-रात्र, म्हणजे गुलाबी चेंडूने खेळलेली कसोटी, समोर बांगलादेश. त्यांच्या फलंदाजांना हेल्मेटवर चेंडू लागत होते. भोगले म्हणाले की गुलाबी चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं. त्यावर मांजरेकरांच्या बोलण्याचा रोख असा होता की विचारायची गरज तुम्हाला आहे. आम्ही जे खेळलो आहोत त्यांना मैदानावर काय चाललंय याचा अंदाज असतो. पुढे त्यांनी याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आपला तोल गेला हेही मान्य केलं. विषय तिथेच संपायला हवा होता. माझ्यापुरता तो संपला नाही, आणि त्याचं कारण माझ्याच मैदानात आहे.

मी गेली पंधरा वर्षं हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना माइक धरतो. अमळनेर, चोपडा, धरणगाव, कधी पार फैजपूरपर्यंत. ट्रॉलीवर टेबल, शेजारी स्कोअर लिहिणारा पोरगा, माइकला वाऱ्यासाठी गुंडाळलेला रुमाल, आणि हद्दीबाहेर रात्रीच्या भरीत-पुरीसाठी पेटवलेल्या कपाशीच्या काट्यांचा धूर. मी स्वतः तालुक्याच्या पुढे कधी खेळलो नाही. एका अंतिम सामन्यात शेवटच्या दोन षटकांत वीस धावा हव्या असताना एका कर्णधाराने स्वतःला मागे ठेवून नवख्या पोराला पाठवलं. मी माइकवर एवढंच म्हणालो, ‘हा निर्णय समजला नाही, कर्णधार साहेबांना विचारायला हवं.’ सामना हरल्यावर तो थेट ट्रॉलीपाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तू कधी खेळना का रे भाऊ?’

मला उत्तर सुचलं नाही. मी माइकचं बटण बंद केलं आणि स्कोअरबुकात पाहत बसलो. बक्षीस समारंभ दुसऱ्याच कुणीतरी बोलून घेतला.

त्याच दिवशी सकाळी एक आजोबा ट्रॉलीला टेकून उभे होते. धोतर, डोक्यावर टोपी, नातू पहिल्यांदा संघात आला म्हणून पाहायला आलेले. तीन षटकं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘हातात बॉल नाही आला, बॅटला नाही लागला, मग रन कशानी भेटली?’ वाइड होता. मी पुढची तीन-चार षटकं प्रत्येक वाइड आणि बाय फोड करून सांगत गेलो, आणि मधूनमधून आजोबांकडे पाहत राहिलो. चौथ्या वाइडला पंचाच्या आधी त्यांचेच दोन्ही हात आडवे झाले.

कर्णधाराला समालोचनाची गरजच नव्हती, आजोबांना होती. समालोचक बोलतो तो न खेळलेल्यांसाठी; खेळलेले तसेही सगळं पाहतच असतात. म्हणून ‘विचारायची गरज तुम्हाला आहे’ हे ऐकलं तेव्हा मला ते भोगलेंना उद्देशून वाटलंच नाही. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या, चेंडू दिसतो की नाही हे खरंच ठाऊक नसलेल्या प्रत्येकाला ते सांगितलं जातंय असं वाटलं. जडेजावरची टीका मी शंभर वेळा माफ करीन, कारण ती खेळावर होती. हे वाक्य प्रश्न विचारणाऱ्यावर होतं.

कदाचित मी एका क्षणाला फार वजन देतोय. माणसाचं सगळं काम एका वाक्यावर तोलू नये हे मलाही कळतं, आणि ज्याला तंत्राचं विश्लेषण हीच मोठी सेवा वाटते त्याने मांजरेकरांचं नाव जरूर लिहावं. मीही आधी तेच करायला बसलो होतो. पद्मच्या अर्जात जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्या व्यक्तीचं कार्य लिहावं लागतं. मांजरेकरांचा मसुदा लिहिताना दर परिच्छेदात ‘मात्र’ येत होता. ‘तरीही’, ‘असे असले तरी’ आणि पुन्हा ‘मात्र’. खेळाडू म्हणून झालेली कामगिरी काढली की उरलेला अर्धा मजकूर बचावाचाच होत होता. भोगलेंचा एका बैठकीत झाला. एकोणीस वर्षांचा असताना हैदराबादच्या आकाशवाणीवर बोलायला लागलेला मुलगा, भारताकडून एकही सामना न खेळता, १९९१-९२च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओवर जाऊन बसतो, एवढं सांगितलं की पुढचं आपोआप येतं.

याआधीचे दाखलेही तिकडेच बोट दाखवतात. समालोचक जसदेव सिंग यांना १९८५ला पद्मश्री आणि २००८ला पद्मभूषण मिळालं. इंदूरच्या सुशील दोशींना २०१६ला पद्मश्री मिळाली, ज्या यादीत आपल्या जळगावचे उज्ज्वल निकमही होते. दोघा समालोचकांपैकी कुणीही भारताकडून क्रिकेट खेळलेलं नव्हतं. दोशींचा आवाज आमच्या वडिलांनी केळीच्या बागेत, बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून ऐकला. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवताना ते फावडं हातात धरूनच थांबायचे आणि षटक संपलं की पुढे जायचे. त्यांनी स्टेडियम आयुष्यात पाहिलं नाही, पण गावसकर कसा उभा राहतो ते ते उभं राहून दाखवायचे.

अर्जाबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नका. २०२३ला मुदत पंधरा सप्टेंबरची होती, मी आदल्या रात्री बसलो आणि वीज दोनदा गेली. आणि ‘महान’, ‘थोर’ असले शब्द काढून टाका, त्या जागेत एखादी घडलेली गोष्ट बसते.

मी भोगलेंचा अर्ज पाठवला. मांजरेकरांचा मसुदा संगणकात तसाच आहे, सहाशे शब्दांपर्यंत आलेला. लाहोर आणि मँचेस्टरचा भाग त्यात चांगला उतरलाय. कुणाला तो पुरा करायचा असेल तर कट्ट्यावर या, पेनड्राइव्ह घेऊन.