गुगल कोलॅबवर तीन सत्रं संख्याशास्त्र शिकवल्यावर

आमच्या लॅबमध्ये संगणक २०, त्यातले चालू १४, आणि बॅच ३० मुलांची. आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा इन्स्टॉल करायची तर ॲडमिनचा पासवर्ड लागे. तो फक्त लॅब असिस्टंटकडे आणि नेमका प्रॅक्टिकलच्या दिवशी माणूस रजेवर. प्रत्येक मशीनवर आरची आवृत्ती वेगळी. सत्राचे पहिले तीन आठवडे "मॅडम, माझ्याकडे एरर येतेय" यातच संपायचे. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरचं नावच काढायला नको, तेवढे पैसे कॉलेजकडे कधीच नव्हते. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये टीवायचं (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं) सगळं प्रॅक्टिकल मी गुगल कोलॅबवर नेलं. आजवर एक रुपया भरलेला नाही, तेव्हा हे सगळं फुकटच्या आवृत्तीबद्दल आहे असं समजा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्राउझरमध्ये नोटबुक उघडते, तुम्ही सेलमध्ये, म्हणजे तिच्यातल्या चौकटीत, कोड लिहिता आणि तो चालतो गुगलच्या संगणकावर. आपल्याकडचं मशीन कितीही जुनं असलं तरी फारसं बिघडत नाही. गुगलचं खातं असलं की पुरे. उघडल्यावर पायथन ही भाषा मिळते आणि रनटाइमच्या (कोड चालवणाऱ्या त्या उसन्या संगणकाच्या) मेनूतून आर निवडता येतं. ही नोटबुक ज्युपिटर या नोटबुकच्या सॉफ्टवेअरच्या घराण्यातली, आणि ज्युपिटर हे नावच ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून जुळवलेलं. त्यामुळे आर तिथे परकं नाही, पण लाडकंही नाही. आपल्या फाईली असलेला गुगल ड्राइव्ह जोडायची पायथनमधली दोन ओळींची सोय आरमध्ये तशी सरळ मिळत नाही. वेगळं पॅकेज (जादा आज्ञांचा संच) लागलं तर प्रत्येक नव्या सेशनला पुन्हा इन्स्टॉल करा. दुसऱ्या सत्रापासून मी मुख्य काम पायथनमध्ये ठेवलं आणि आर तुलनेपुरतं.

ती तुलना मात्र फार कामाची निघाली. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) शिकवताना मी २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे देते. सरासरी ५. पायथनच्याच दोन पॅकेजांपैकी नमपायने काढलं तर प्रमाण विचलन २ येतं, पांडाजने काढलं तर २.१४. आरसुद्धा २.१४ म्हणतं. वर्गात एकदम गलका होतो. संगणक चुकला की काय! सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज एक भागतो ८ ने, दुसरे दोघे ७ ने. समष्टीचं (सगळ्या गटाचं) विचलन आणि नमुन्याचं (त्यातून निवडलेल्या काहींचं) विचलन यांतला फरक मी १२ वर्षं फळ्यावर लिहीत आलेय, तो मुलांना पहिल्यांदा खरोखर खटकला तो इथे. आधीही हे करता आलं असतं, पण १४ मशीनवर दोन भाषा इन्स्टॉल कुणी करायच्या?

दुसरा धडा सुखात्म्यांचा. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. पीक कापणी प्रयोगात शेतातला मोजून आखलेला तुकडा, म्हणजे प्लॉट, कापून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. हा प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिलं. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. कापणी प्रयोग त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलेला असतो, पण कारण विचारलं की गप्प. नोटबुकमध्ये आम्ही एक खोटं शेत बनवलं आणि कापणाऱ्याची सवय त्यात घातली: हद्दीवरचं रोप दिसलं की ते आत धरायचं. समजा चारी बाजूंनी ५ सेंटीमीटरची पट्टी चुकून आत आली. १ बाय १ मीटरच्या प्लॉटचं क्षेत्र मग १.२१ चौरस मीटर होतं, म्हणजे उत्पन्न २१ टक्के जास्त दिसतं. १० बाय ५ मीटरचा प्लॉट घेतला तर तीच चूक जेमतेम ३ टक्क्यांवर येते. हे गणित कागदावरही होतं. पण रोपं यादृच्छिक पेरायची, हजार वेळा कापणी करायची आणि हजारही अंदाज एकाच बाजूला झुकलेले बघायचे, हा अनुभव वेगळा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे मुद्दाम कुणी लबाडी केली नाही तरी आकडा लबाड निघतो." मी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं.

आता त्रासाचं. पहिल्याच सत्रात एक गट दोन दिवस राबून बाजारभावाची फाईल साफ करत होता. नोटबुक ड्राइव्हवर आपोआप जतन होते, पण डावीकडच्या फाईलच्या रकान्यात टाकलेलं सगळं त्या उसन्या संगणकावर असतं आणि सेशन संपलं की पुसलं जातं. फुकट सेशन जास्तीत जास्त १२ तास टिकतं, नुसतं उघडं ठेवून चहाला गेलात तर त्याआधीच बंद होतं. कंपनीने हे स्पष्ट लिहून ठेवलंय. मी वाचलं नव्हतं, मुलांना सांगितलं नव्हतं. फाईल गेली. ज्यांचा साफसफाईचा कोड नोटबुकमध्ये होता त्यांनी मूळ फाईल पुन्हा चढवली, सगळे सेल चालवले, पाच मिनिटांत मोकळे. एकीने "पसारा नको" म्हणून तेच सेल पुसून टाकले होते. ती रडवेली झाली, आणि दोष माझा होता.

तेव्हापासून आकडे गुगल शीटमध्ये, शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची साधी फाईल) म्हणून प्रकाशित, आणि नोटबुक थेट त्या दुव्यावरून वाचते. पायथन, आर दोन्हींत चालतं. फक्त एक लक्षात ठेवा: प्रकाशित म्हणजे दुवा मिळेल त्या कुणालाही उघडं. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरांना प्रबंधासाठी रुग्णांची नावं, फोन नंबर असलेली फाईल अशीच चढवायची होती. मी साफ नको म्हटलं. आधी नावं काढा, क्रमांक द्या, मग बघू.

मराठी आकडे आणि मराठी अक्षरं हा स्वतंत्र अध्याय आहे. मुलांनी सर्वेक्षण मराठीत भरून आणलं, '१२३' असे आकडे. पायथनला एकेक आकडा पूर्णांकात बदलायला सांगितलं तर ते बिनतक्रार १२३ समजतं, हे पाहून मीच चकित झाले. आरने मात्र पूर्ण रकाना 'माहिती नाही' करून टाकला. तारखांचं दुखणं याहून वाईट, कारण तिथे एरर येईलच असं नाही. ०५/०७ हे पांडाज ७ मे वाचतं, आपल्याला हवा असतो ५ जुलै. कांद्याचे भाव पावसाळ्याऐवजी उन्हाळ्यात चढलेले दिसले तेव्हा कुठे लक्षात आलं. 'दिवस आधी' हे सांगावं लागतं. आलेखांचं म्हणाल तर मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या पॅकेजच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नाहीच, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फाँट आणून बसवला तरी आमच्याकडे ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच जागी जाऊन बसल्या. शेवटी प्लॉटली या दुसऱ्या आलेखांच्या पॅकेजवर गेलो. त्यातली अक्षरं ब्राउझरच उमटवतो, त्यामुळे जोडाक्षरंही नीट येतात.

मोबाइलवर चालतं का, हे सगळेच विचारतात. उघडतं, तयार सेल चालवता येतो. पण बोटाने कंस आणि अवतरणचिन्हं टाइप करणं ही शिक्षा आहे. वर्डमधल्या नोट्समधून चिकटवलं तर अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात आणि एरर. घरी लॅपटॉप असलेली मुलं बॅचमध्ये सात. बाकीच्यांसाठी लॅब लागतेच, आणि लॅबचं नेट गेलं की सगळाच कारभार ठप्प. जुन्या आरला निदान नेट लागत नव्हतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आत बसवलेल्या एआयने. मराठीत मागा, इंग्रजीत मागा, टी-चाचणीचा (सरासऱ्यांची तुलना करायच्या चाचणीचा) कोड तयार. मुलं खूष, जर्नलं सुबक, आणि तोंडी परीक्षेत "ही चाचणी इथे का लावली?" म्हटलं की भिंतीकडे बघतात. बंदी घालून पाहिली, उपयोग शून्य. मग गुणांची वाटणी बदलली: कोडला ५, तोंडीला १५. संशय आला तर नोटबुकचा आवृत्ती-इतिहास उघडते. रात्री ११ पर्यंत कोरी आणि ११:०४ ला पूर्ण झालेली नोटबुक फार बोलकी असते. सेल उलटसुलट क्रमाने चालवण्याची खोडही अशीच सापडते, म्हणून जमा करण्याआधी रनटाइम नव्याने सुरू करून सगळं वरपासून खालपर्यंत चालवायचं, हा नियम केलाय. निम्म्या नोटबुका तिथेच फुटतात.

येत्या सत्रातही कोलॅबच ठेवणार आहे. विद्यापीठाची अंतिम प्रॅक्टिकल परीक्षा मात्र लॅबच्या १४ मशीनवर, नेट बंद करून, आरमध्येच घेणार. त्यासाठी लॅब असिस्टंटकडून पासवर्ड लिहून घेतलाय. या वेळी दोन ठिकाणी.